वाळवण, रक्ताचा थेंब आणि पीएच.डी.नंतरची वर्षे

सुरत–भुसावळ लोहमार्गावर नवापूर आणि खांडबारा यांच्या दरम्यान लागणारे चिंचपाडा हे नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील लहानसे स्थानक असून, गुजरातची सीमा तेथून फार दूर नसल्यामुळे या परिसरातील मुलांच्या उच्च शिक्षणाच्या वाटा नंदुरबार, जळगाव, नाशिक, पुणे अशा जितक्या पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे फुटतात, तितक्याच त्या पश्चिमेला सुरतेकडेही जातात. मावची, गावित, कोकणा, भिल्ल अशा आदिवासी समाजांच्या या पट्ट्यात अभियांत्रिकीची पदवी घेतलेले तरुण आता दुर्मीळ राहिलेले नाहीत, आणि पदव्युत्तर शिक्षणानंतर पीएच.डी.साठी नाव नोंदवणारेही हळूहळू दिसू लागले आहेत. मात्र पीएच.डी. ही शिक्षणाची शेवटची पायरी असून तिच्यानंतर केवळ नोकरी शोधायची उरते, असा जो समज सर्वत्र आढळतो, तो येथेही आहे. अभियांत्रिकी आणि उपयोजित विज्ञानाच्या क्षेत्रात प्रत्यक्ष स्थिती जवळजवळ उलट आहे. तेथे पीएच.डी. ही स्वतंत्रपणे संशोधन करण्याची पात्रता मानली जाते, आणि त्या पात्रतेचा कस ज्या दोन ते पाच वर्षांत लागतो, त्या काळातील पदाला पोस्ट-डॉक्टरल संशोधकाचे पद, बोलीत ‘पोस्टडॉक’, असे म्हणतात.

पोस्टडॉक ही पदवी नव्हे. तिला परीक्षा नसते, प्रबंध नसतो आणि शेवटी हाती पडते ते बहुधा एक अनुभवाचे पत्र. पोस्टडॉक हे मुदतीचे काम असते. पीएच.डी. पूर्ण केलेली व्यक्ती एखाद्या प्रस्थापित संशोधकाच्या प्रयोगशाळेत ठरावीक मानधनावर रुजू होते आणि तेथील यंत्रे, रसायने, ग्रंथालय व सहकारी यांच्या आधाराने एखादा प्रश्न तडीस नेण्याचा प्रयत्न करते. पीएच.डी.च्या काळात प्रश्न बहुतेक वेळा मार्गदर्शकाने सुचवलेला असतो, तर पोस्टडॉकच्या काळात तो संशोधकाने स्वतः निवडावा, निदान स्वतः घडवावा, अशी अपेक्षा असते. या दोन टप्प्यांमधला खरा फरक एवढाच आहे, आणि अर्ज करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो कोणी वेळेवर सांगितलेला असतो.

या पदाची रूढी फार जुनी नाही. अमेरिकेत १९१९ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशातून नॅशनल रिसर्च कौन्सिलने भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांतील ताज्या पीएच.डी.धारकांसाठी फेलोशिप सुरू केल्या, तेव्हापासून या पदाला आजचे रूप येत गेले. पुढच्या काळात या व्यवस्थेतून काय निष्पन्न होऊ शकते, याचे एक उदाहरण नंदुरबार जिल्ह्याला थेट स्पर्श करणारे आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार सातपुड्यातील आणि नवापूर परिसरातील आदिवासी समाजांमध्ये परिचित आहे. एरवी गोल आणि लवचीक असणारी तांबडी रक्तपेशी या आजारात प्राणवायू कमी होताच विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना निर्माण करते. या आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे १९४९ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील लायनस पॉलिंग यांच्या गटाने दाखवून दिले, आणि एखाद्या रोगाला ‘रेणूचा रोग’ म्हणण्याची सुरुवात तेथून झाली. त्या निबंधावर चार नावे होती. त्यांपैकी हार्वे इटानो हे पॉलिंग यांचे पीएच.डी.चे विद्यार्थी होते, तर जोनाथन सिंगर हे पोस्टडॉक म्हणून तेथे आले होते.

त्यांनी वापरलेली पद्धत मुळात उपकरणशास्त्राची होती. विद्युतक्षेत्रात ठेवलेली प्रथिने आपापल्या विद्युतभारानुसार कमी-अधिक वेगाने सरकतात. या क्रियेला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात, आणि स्वीडनच्या आर्ने टिसेलिअस यांनी तिच्यासाठी घडवलेल्या पद्धतीचे यंत्र पॉलिंग यांच्या गटाकडे होते. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन त्या यंत्रात वेगवेगळ्या वेगाने सरकले; आजाराचा वाहक असलेल्या, पण स्वतः रुग्ण नसलेल्या माणसाच्या रक्तात तर दोन्ही प्रकार मिसळलेले आढळले. पुढे रॉकफेलर इन्स्टिट्यूट आणि येल विद्यापीठ येथे पोस्टडॉक करून केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत आलेल्या व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६–५७ मध्ये हिमोग्लोबिनचे तुकडे करून ते कागदावर पसरवले आणि सगळा फरक एकाच अमिनो आम्लाचा आहे, म्हणजे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आले आहे, हे उघड केले. भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये आणि आसामातील चहामळ्यांच्या मजुरांमध्ये प्रथम नोंदला गेला. आज एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची जी तपासणी होते, तिच्या पाठीमागे यंत्र बांधणाऱ्यांची आणि पीएच.डी.नंतर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत मुदतीच्या मानधनावर राबणाऱ्यांची अशी मोठी साखळी आहे.

महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या मातीतील उदाहरणांमध्ये रघुनाथ माशेलकर यांचे उदाहरण अभियांत्रिकीच्या दृष्टीने सर्वांत बोलके म्हणावे लागेल. गोव्यातील माशेल येथे १९४३ साली जन्मलेल्या आणि मुंबईत गरिबीत वाढलेल्या माशेलकरांनी मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रशास्त्र विभागातून, म्हणजे त्या काळच्या यूडीसीटीतून आणि आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून, प्रा. मनमोहन शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली १९६९ साली पीएच.डी. मिळवली. तेथील त्यांचा विषय वायूचे बुडबुडे द्रवातून जाताना पदार्थांची देवाणघेवाण कशी होते, हा होता. त्यानंतर इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठात लिव्हरह्यूम फेलो म्हणून गेल्यावर मात्र त्यांनी वाट बदलली आणि बहुवारिकांच्या, म्हणजे प्लॅस्टिक वा रबर यांसारख्या लांब साखळीच्या रेणूंच्या, द्रावणांचे वहन हा विषय हाती घेतला. ही द्रावणे पाण्यासारखी सरळ वाहत नाहीत, ढवळण्याच्या वेगाप्रमाणे पातळ वा दाट होतात, आणि म्हणून त्यांचे गणितही निराळे असते. १९७६ साली ते मायदेशी परतून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा हाच नवा विषय त्यांच्याबरोबर आला. पीएच.डी.चाच प्रबंध आणखी दोन वर्षे ताणत राहणारे पोस्टडॉक पुष्कळ असतात आणि त्यांचे निबंधही छापून येतात. परंतु या काळाचा खरा उपयोग विषय बदलून पाहण्यात आहे, कारण नोकरीत कायम झाल्यावर ते धाडस करण्याची सवड फारशी मिळत नाही.

खानदेशाशी नाते सांगणारे एक नाव सैद्धांतिक भौतिकशास्त्रातील आहे. शिरपूर येथे १९४९ साली जन्मलेले अभय अष्टेकर यांनी शिकागो विद्यापीठातून १९७४ साली पीएच.डी. घेतल्यावर ऑक्सफर्डमध्ये रॉजर पेनरोझ यांच्याकडे पोस्टडॉक केले, आणि गुरुत्वाकर्षणाच्या पुंजसिद्धांतात आज त्यांच्या नावाने ओळखली जाणारी चले त्यानंतरच्या दशकात मांडली. अलीकडच्या काळातील आणि उपयोजित विज्ञानातील उदाहरण आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार यांचे आहे. जर्मनीत पीएच.डी. आणि अमेरिकेत हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये पोस्टडॉक करून ते पवईला आले, आणि रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींमध्ये प्रयोगशाळेत बदल करून त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखायला लावणारी ‘कार-टी’ उपचारपद्धती त्यांच्या गटाने टाटा मेमोरियल केंद्राच्या साहाय्याने विकसित केली. तिला २०२३ साली औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. परदेशात वापरात असलेली पद्धत भारतात, भारतीय खर्चात कशी उभी करावी, या प्रश्नाला तोंड देण्याची तयारी पोस्टडॉकच्या वर्षांतच होत असते.

या पदांपर्यंत पोहोचण्याचे मार्ग प्रामुख्याने दोन आहेत. पहिला फेलोशिपचा: यात निधी व्यक्तीच्या नावे मंजूर होतो, म्हणजे उमेदवार आपला संशोधन प्रस्ताव लिहितो, एखाद्या संस्थेतील मार्गदर्शकाची लेखी संमती घेतो आणि दोहोंसह देशपातळीवरील यंत्रणेकडे अर्ज करतो. दुसरा प्रकल्पाचा: यात निधी प्राध्यापकाला आधीच मिळालेला असतो, काम ठरलेले असते, आणि ते करण्यासाठी ‘रिसर्च असोसिएट’ या नावाने माणूस नेमला जातो. पहिल्यात स्वातंत्र्य अधिक आणि प्रतीक्षा लांब. दुसऱ्यात जाहिरात, मुलाखत आणि नेमणूक बरीच लवकर होते, पण प्रश्न दुसऱ्याचा असतो आणि प्रकल्प संपला की पदही संपते. घरची जबाबदारी अंगावर असलेला पहिल्या पिढीचा संशोधक बहुतांशी दुसऱ्या दारानेच आत येतो, यात नवल नाही. मात्र एकदा आत आल्यावर पहिल्या दारासाठी प्रस्ताव लिहिणे त्याने थांबवू नये.

मानधनाचा प्रश्न विचारायला अनेकांना संकोच वाटतो, पण तो विचारलाच पाहिजे. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १ जानेवारी २०२३ पासून लागू केलेल्या दरांनुसार रिसर्च असोसिएटच्या तीन श्रेणींना दरमहा अनुक्रमे ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० रुपये मिळतात आणि नियमांप्रमाणे घरभाडे भत्ता वेगळा असतो. त्याच आदेशाने पीएच.डी. करणाऱ्या कनिष्ठ संशोधकाची वृत्ती ३७,००० आणि ज्येष्ठ संशोधकाची ४२,००० रुपये झाली. राष्ट्रीय पातळीवरील सर्वांत परिचित योजना ‘नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप’ ही असून, ती चालवणारे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ २०२३च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले आहे; तिची मुदत दोन वर्षांची असते आणि ती आयुष्यात एकदाच मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ सप्टेंबर २०२२ रोजी डॉ. राधाकृष्णन यांच्या नावाने ९०० जागांची पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप जाहीर केली आणि तिच्यात ३० टक्के जागा महिलांसाठी ठेवल्या. यापुढची पायरी म्हणजे ‘इन्स्पायर फॅकल्टी’. तिच्यात पाच वर्षे दरमहा सव्वा लाख रुपये आणि वर्षाला सात लाखांचे संशोधन अनुदान मिळते, म्हणजे ती नावापुरतीच फेलोशिप असून व्यवहारात स्वतःची छोटी प्रयोगशाळा सुरू करण्याची संधी आहे.

पोस्टडॉक ही प्राध्यापक होण्याची सार्वत्रिक अट नाही, हेही येथे स्पष्ट करणे भाग आहे. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात शिकवायचे असेल तर पीएच.डी. किंवा नेट-सेट पुरेसे असते. आयआयटीसारख्या संस्थेत मात्र सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या श्रेणीसाठी पीएच.डी.नंतरचा तीन वर्षांचा अनुभव मागितला जातो. तेव्हा नवापूर किंवा नंदुरबारच्या महाविद्यालयात अध्यापन करण्याचे ज्याने ठरवले आहे, त्याने केवळ रूढी म्हणून या वाटेला जाण्याचे कारण नाही.

या व्यवस्थेतील सर्वांत अवघड जागा वयाची आहे. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने राष्ट्रीय फेलोशिपसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ३५ वर्षांची ठेवली आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, महिला व दिव्यांग यांना पाच वर्षांची सवलत दिली. इन्स्पायर फॅकल्टीची सर्वसाधारण मर्यादा ३२ वर्षांची आहे. शहरातील सुखवस्तू घरातील विद्यार्थी बावीस-तेविसाव्या वर्षी पदवी, पंचविशीत पदव्युत्तर शिक्षण आणि तिशीत पीएच.डी. असा सरळ चालत जातो, आणि त्याच्या चालीला हे घड्याळ जुळते. आश्रमशाळेतून आलेला विद्यार्थी पदवीनंतर दोन-तीन वर्षे नोकरी करून घरी पैसे पाठवतो, मग पुन्हा शिकायला येतो, पीएच.डी.च्या काळात वृत्तीचे हप्ते लांबले तर खासगी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि प्रबंध सादर करतो तेव्हा चौतीस-पस्तिशीला पोहोचलेला असतो. पाच वर्षांची सवलत त्याला उपयोगी पडते, तरी ती सवलत अगोदर वाया गेलेल्या वर्षांची भरपाई असते, अधिकची संधी नसते. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी फेलोशिपमध्ये वय न मोजता पीएच.डी.नंतरची वर्षे मोजली जातात, मर्यादा आठ वर्षांची असते, आणि संशोधनाबाहेर घालवलेला काळ त्यातून वजा होतो. जर्मनीच्या हुंबोल्ट प्रतिष्ठानची पोस्टडॉक फेलोशिपही पीएच.डी.नंतरच्या चार वर्षांच्या हिशेबाने दिली जाते. मोजमापाची ही रीत उशिरा सुरुवात करणाऱ्याला अधिक न्याय देणारी आहे, आणि भारतीय योजनांनी ती उचलली तर त्यात कोणाचे नुकसान होणार नाही. संसारामुळे संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्र सरकारच्या ‘वाइज-किरण’ कार्यक्रमात जी पोस्टडॉक योजना आहे, तिची वयोमर्यादा २७ ते ६० अशी रुंद आहे, म्हणजे घड्याळ सैल करणे आपल्याकडे अशक्य आहे असेही नाही.

प्रस्ताव लिहिणे हा या सगळ्याचा गाभा असून, त्याबाबतचा एक गैरसमज असा की प्रश्न पुस्तकातून किंवा परदेशी निबंधातूनच घ्यावा लागतो. वस्तुतः अभियांत्रिकीचे उत्तम प्रश्न बरेचदा आरोग्य केंद्राच्या टेबलावर पडलेले असतात. सिकलसेलच्या प्राथमिक तपासणीचेच पाहावे. काचेच्या लहान नळीत एक रसायनमिश्रण घेतात आणि त्यात रक्ताचा थेंब सोडतात. त्यातील एक घटक तांबड्या पेशी फोडून हिमोग्लोबिन मोकळे करतो, आणि सोडियम डायथायोनाइट नावाचा दुसरा घटक हिमोग्लोबिनमधील प्राणवायू काढून घेतो. सिकलचे हिमोग्लोबिन प्राणवायू जाताच विरघळेनासे होते व द्रव गढूळ बनतो. नळीमागे धरलेल्या कार्डावरील काळ्या रेघा दिसल्या तर नमुना निर्दोष, आणि दिसल्या नाहीत तर पुढची तपासणी आवश्यक. पद्धत स्वस्त आहे, तिला वीज लागत नाही, आणि परिचारिका ती अर्ध्या दिवसात शिकू शकते.

पण तिच्या उणिवा तेवढ्याच ठळक आहेत. गढूळपणा केवळ सिकलचे अस्तित्व सांगतो, समोरची व्यक्ती रुग्ण आहे की वाहक हे सांगत नाही, आणि दोघांच्या आयुष्यात तर जमीन-अस्मानाचे अंतर असते. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक असल्यामुळे तपासणी चकवते. तीव्र रक्तक्षय असलेल्या व्यक्तीत हिमोग्लोबिनच इतके कमी असते की द्रव पुरेसा गढूळ होत नाही, म्हणजे जिथे ही तपासणी सर्वाधिक गरजेची आहे तिथेच ती फसण्याचा धोका अधिक. शिवाय डायथायोनाइट मिसळल्यानंतर ते मिश्रण शीतकपाटात ठेवले तरी काही आठवडेच टिकते, आणि एप्रिल-मेमधील उन्हाळा व वीजपुरवठ्याचे खंड लक्षात घेता पाड्यावर ते किती भरवशाचे राहील, हे वेगळे सांगायला नको. नेमके निदान करणारी इलेक्ट्रोफोरेसिसची किंवा एचपीएलसी या द्रव पृथक्करण यंत्राची तपासणी जिल्ह्याच्या किंवा मोठ्या प्रयोगशाळेत होते.

वरच्या परिच्छेदातील प्रत्येक वाक्यात एक पोस्टडॉक प्रस्ताव दडलेला आहे. रसायन अभियंता हे मिश्रण कोरड्या पुडीच्या किंवा कागदी पट्टीच्या रूपात उष्णतेत टिकवण्याचा प्रश्न घेऊ शकतो. यंत्र अभियंता सूक्ष्म वाहिन्यांत रक्तपेशी वाहताना त्यांच्या कडकपणाचे मापन करण्याचा. इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता गढूळपणा डोळ्यांऐवजी प्रकाशसंवेदकाने मोजून रक्तक्षयाची दुरुस्ती आकड्यात करण्याचा. संगणक अभियंता मोबाइलच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या पेशींच्या चित्रांवरून वर्गीकरण करण्याचा. पंतप्रधानांनी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू केलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहणार नाही असे पाहण्याचे उद्दिष्ट आहे. एवढ्या मोठ्या संख्येपुढे तपासणीतील लहानशी चूकही हजारो माणसांच्या भवितव्यात उतरते, म्हणून अशा प्रस्तावांचे मूल्य नुसते कागदोपत्री राहत नाही.

दुसरा प्रश्न नंदुरबारच्या मिरचीचा आहे. ओली लाल मिरची बाजार समितीतून घेऊन व्यापारी ती शहराबाहेरच्या मोकळ्या रानात पसरवतात. या जागांना तेथे ‘पथारी’ म्हणतात, आणि मोसमात मैलभर लाल गालिचा अंथरल्यासारखे जे दृश्य दिसते त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत दरवर्षी येतात. अवकाळी पावसाची एक सर त्या गालिच्याचा चिखल करू शकते, आणि मग नुकसानीच्या बातम्याही त्याच वृत्तपत्रांत येतात. ओल्या मिरचीच्या वजनाचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग पाण्याचा असतो आणि साठवणीसाठी तो दहा टक्क्यांच्या आसपास आणावा लागतो. हे पाणी सहज निघत नाही, कारण मिरचीची साल मेणचट असते. सुरुवातीला वेग बरा असतो, नंतर आतले पाणी सालीपर्यंत झिरपत येण्याचीच वाट पाहावी लागते. ऊन कडक झाले तर रंग उडतो, रात्री दव पडले तर दिवसाची मेहनत काही अंशी परत जाते, आणि ओल रेंगाळली तर बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, ज्याच्यामुळे निर्यातीचा माल नाकारला जाऊ शकतो.

वाळवण हा शब्द मराठी कानाला पापड-कुरड्यांचा वाटत असला, तरी शुष्कन ही रसायन अभियांत्रिकीतील स्वतंत्र आणि मान्यवर शाखा आहे. ती जगभर संघटित करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते अरुण मुजुमदार मुंबईच्या यूडीसीटीचेच माजी विद्यार्थी. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात असताना १९७८ साली त्यांनी पहिली आंतरराष्ट्रीय शुष्कन परिषद भरवली आणि या विषयाच्या प्रमुख नियतकालिकाचे संपादन दीर्घकाळ केले. पथारीवरचा मजूर हाताने उलटीपालटी करत जे साधतो, तेच सौर वाळवणयंत्रात, ठरावीक तापमानाच्या हवेत, रंग राखून आणि कमी खर्चात कसे साधावे, हा प्रश्न मुंबईच्या किंवा सुरतेच्या कोणत्याही चांगल्या ऊर्जा-अभियांत्रिकी विभागाला गौण वाटण्याचे कारण नाही. नवापूर तालुक्याने देशाला आणखीही एका प्रश्नाची ओळख करून दिली आहे: फेब्रुवारी २००६ मध्ये भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तेथील कुक्कुटपालन केंद्रांत आढळला, आणि नमुन्यांची खात्री करण्यासाठी ते भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत पाठवावे लागले. जागेवर करता येण्याजोग्या निदानाची गरज तेव्हा जशी भासली, तशी ती आजही भासते.

प्रश्न हाती आल्यावर मार्गदर्शक शोधायचा असतो, आणि येथे शिष्टाचाराचे अज्ञान पुष्कळ अर्ज बुडवते. ‘आदरणीय महोदय, आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळावी’ अशा मायन्याचे एकच पत्र शंभर प्राध्यापकांना धाडले की त्याचे उत्तर बहुधा येत नाही, कारण वाचणाऱ्याला ते आपल्यासाठी लिहिलेले नाही हे पहिल्या ओळीतच कळते. त्याऐवजी त्या प्राध्यापकाचे अलीकडचे दोन-तीन निबंध वाचून, त्यांतील कोणत्या पद्धतीचा आपल्या प्रश्नाला उपयोग आहे, आपल्याला काय येते आणि काय शिकायचे आहे, हे पानभरात लिहिलेले पत्र वाचले जाते. सोबत पीएच.डी.च्या मार्गदर्शकाखेरीज आणखी एक-दोघांची शिफारसपत्रे लागतात, आणि ती वेळेवर मिळावीत म्हणून त्यांची मागणी दोन महिने अगोदर करावी लागते. प्रबंध सादर झाल्यावर, पदवी हातात पडण्यापूर्वीच अर्ज करण्याची मुभा अनेक योजनांत असते. मौखिक परीक्षेची वाट पाहत बसलेले सहा-आठ महिने ज्यांनी अर्जांसाठी वापरले, त्यांचे वर्ष वाचते.

परदेशाचा विचार करणाऱ्या आदिवासी उमेदवारांसाठी केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. पदव्युत्तर आणि पीएच.डी.बरोबरच पोस्टडॉकसाठीही ती मिळते. वर्षाला एकूण २० जागा, त्यांपैकी तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींसाठी, असे तिचे प्रमाण आहे. देशातील दहा कोटींहून अधिक आदिवासी लोकसंख्येसमोर हा आकडा वाचताना अधिक भाष्याची गरज पडू नये.

स्थानिक प्रश्नावर काम करताना स्थानिक संशोधकाकडे जे असते आणि बाहेरच्याला सहजी मिळत नाही, ते म्हणजे भाषा. रक्ताचा नमुना घेण्यापूर्वी त्या व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती घेणे हा वैद्यकीय संशोधनाचा अनिवार्य नियम आहे, आणि ‘वाहक’ म्हणजे ‘रोगी’ नव्हे, हे मावची बोलीत सांगता येणे आणि छापील मराठी अर्जावर अंगठा घेणे यांत फरक असतो. आपल्या मुलीला वाहक ठरवले तर तिचे लग्न अडेल, ही भीती घराघरांत असते. ती ओळखणारा अभियंता अहवालाच्या कागदावर निकाल कसा छापावा, तो कोणाच्या हाती द्यावा, याचाही विचार आपल्या यंत्राच्या रचनेतच करतो. निवड समित्यांना या जाणिवेला गुण देण्याचा रकाना अद्याप सापडलेला नाही, तो भाग निराळा.

राहतो तो पत्त्याचा प्रश्न. बहुतेक फेलोशिपांच्या नियमांप्रमाणे मार्गदर्शक हा मान्यताप्राप्त संस्थेत कायम नोकरीत असलेला संशोधक असावा लागतो आणि प्रयोगशाळा त्या संस्थेची असावी लागते. त्यामुळे नवापूर तालुक्यातील सिकलसेलवर किंवा नंदुरबारच्या मिरचीवर काम करणाऱ्या पोस्टडॉकचा पत्ता पवई, माटुंगा, पुणे, नागपूरची ‘नीरी’ (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था), फार तर जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असाच राहतो, आणि नमुने व मोजमापे घेण्यापुरता तो चिंचपाड्याच्या फलाटावर उतरतो. चिंचपाड्यात ख्रिस्ती मिशनचे रुग्णालय अनेक दशकांपासून रुग्णसेवा करत आहे, तर २०२० पासून नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. म्हणजे रुग्ण, नोंदी आणि डॉक्टर जिल्ह्यातच आहेत, उणीव आहे ती त्यांच्याशेजारी बसून उपकरण घडवणाऱ्या अभियंत्याच्या टेबलाची. विद्यापीठातील मार्गदर्शक आणि जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालय अशा दोन संस्थांच्या नावे एकच फेलोशिप मंजूर करण्याची तरतूद झाली, तर ते टेबल मांडायला मोठ्या इमारतीची आवश्यकता नाही; एक खोली, अखंड वीज, एक शीतकपाट आणि दोन वर्षांची मुदत एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.